अडगळ

सराव परीक्षेचा निकाल वाचून शर्वरी हिरमुसली. पदव्युत्तर प्रवेशासाठी तिची तयारी पुन्हा एक्क्याण्णव टक्क्यांवरच अडली होती. डोक्यातल्या कोणत्या आठवणींची अडगळ पुसली तर तयारी वाढेल, तेही परीक्षा तपासणाऱ्या यंत्राने खाली सांगितलं होतं.

"बाबा, ते तुमची कीर्तनं काढून टाका म्हणतंय. लहानपणापासूनची सगळी."

जनार्दनबुवांनी ती ओळ पुन्हा वाचली, पण परीक्षा सोमवारवर आली होती. ते हसले. "काढ की! परत ऐकवायला मी आहेच घरात, तेही बिदागीशिवाय."

दुसऱ्या दिवशी आठवणी पुसण्याच्या केंद्रातून ती आली, पुन्हा सराव परीक्षेला बसली आणि अठ्ठ्याण्णव टक्के तयार ठरली. बुवांनी देवापुढे साखर ठेवली, चिपळ्या हाती घेतल्या आणि हाक दिली, "पुंडलिक वरदेऽऽ"

बोबडं बोलायची तेव्हापासून पुढचे शब्द तिचे असत. बुवा थांबले.

शर्वरीने पुस्तकातून मान वर केली. परक्याशी बोलावं तशा अदबीने तिने विचारलं, "बाबा, हे परीक्षेला आहे का?"

उरलेला जयघोष बुवांनी एकट्यानेच पुरा केला. अगदी हळू, तिच्या अभ्यासात व्यत्यय नको म्हणून.