कोण गेलं?

मशीन सुरू झालं आणि म्हातारीनं आपणहून मान खाली घातली.

केस काढायचं मशीन डोंगरीच्या हातात तसंच गुरगुरत राहिलं. हनुवटीवरचा मस बघून तिनं या बाईला दारातच ओळखलं होतं. बाईनं तिला ओळखलं नव्हतं. कशी ओळखणार? तेव्हाही तिनं कुणाच्या तोंडाकडे पाहिलं नव्हतं, नुसती डोकी पाहिली होती.

पार्लरात तिला सगळे डोंगरीच म्हणत. तिचे लोक डोंगरातले, हे शहर वसायच्याही आधीपासूनचे, पण ते कुणाच्या गावीही नव्हतं. मालकीण तिला पुढच्या खुर्चीवर उभी करत नसे. "गिऱ्हाइकं बिचकतात गं," म्हणायची, आणि पगार देताना स्वतःच बिचकायची. मागचं बेसिन, उवा झालेली पोरं आणि थकलेली म्हातारी माणसं तेवढी डोंगरीच्या वाट्याला. म्हणून तर आज ही तिच्या खुर्चीत येऊन बसली होती. देव आहे म्हणायचा!

"पूर्ण काढून टाका," सुनेनं सांगितलं होतं. "सारखं तेच घेऊन बसल्यात, केस काढा, केस काढा. रात्रीच्या झोपत नाहीत, आम्हाला झोपू देत नाहीत. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. म्हटलं, होऊ दे एकदाचं त्यांच्या मनासारखं." एवढं बोलून ती बाकावर जाऊन मोबाइलमध्ये घुसली होती.

डोंगरीच्या लहानपणी, शाळेच्या हॉस्टेलच्या पहिल्याच दिवशी डोंगरातल्या मुलींना अंगणात रांगेत उभं केलं होतं. गावातल्या मुलींच्या वेण्या जशाच्या तशा राहिल्या. या बाईनं "मान खाली" म्हटलं आणि मशीन फिरवलं. डोंगरात केस एकाच कारणानं काढतात, घरातलं कुणी गेलं तर. दुधाचे दात पडत होते तेव्हा डोंगरीचे. तिनं घाबरून विचारलं, "कोण गेलं?" बाई हसली आणि म्हणाली, "चल, पुढची!" मग पोरीनं आपलं आपणच ठरवलं, आई गेली. अख्खी सहामाही ती उशीत तोंड खुपसून मेलेल्या आईसाठी रडली. सुट्टीत घरी पोचली तर आई दारात उभी, चांगली धडधाकट! आणि लेकीचं डोकं बघून आईनंच ऊर बडवून घेतला, "अगं, कोण गेलं?"

तेव्हापासून डोंगरीला धड झोप म्हणून नाही. फोन वाजला, कोण गेलं? दार वाजलं, कोण गेलं? डोळा लागायचा तो पहाटे, म्हणून कामाला उशीर, म्हणून दोन नोकऱ्या गेल्या. लहान लेक पदरात टाकून नवरा कंटाळून निघून गेला. फुकटच्या दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं होतं, "काही टेन्शन आहे का?" घ्या! काय सांगणार, कपाळ?

आणि आज तीच बाई मान खाली घालून समोर बसलेली. डोंगरीला आनंद झाला, खोटं कशाला बोला. मधोमध एक पट्टा मारायचा आणि म्हातारीला तशीच अर्धवट सोडून चहाला निघून जायचं, असं तिनं मनाशी ठरवलंही. नोकरी गेली चुलीत. तिनं मशीन म्हातारीच्या कपाळाला टेकवलं.

"काढ गं बाई लवकर," म्हातारी कुजबुजली. "डोक्यात पोरी रडतात. रात्रभर एकच, कोण गेलं, कोण गेलं. मला तेव्हा हसू यायचं. पुढं एका शिपाईणीनं सांगितलं, त्यांच्यात केस कधी काढतात ते."

"मग थांबलात?"

"कशी थांबणार? नवरा मेलेला, पदरात पोर. वरचे साहेब उवांच्या औषधाला पैसे देत नव्हते, मशीन मात्र दिलं होतं. मी नाही म्हटलं असतं तर दुसरी आणली असती." तिनं डोकं आणखी पुढं केलं. "माझेही काढ. फिटंफाट होऊ दे. मग लागेल मला झोप."

डोंगरीला तिची कीव आली. खरंच आली. पदरात पोर घेऊन नको ती नोकरी धरून ठेवायची म्हणजे काय, ते तिला कुणी शिकवायला नको होतं. पण झोप? हिला झोप हवी होती!

तिनं मशीन बंद केलं.

मोठ्या दातांचा कंगवा घेऊन ती विंचरायला लागली. एकही केस न तोडता गुंता सोडवला. उरल्यासुरल्या पांढऱ्या केसांची बारीकशी वेणी घातली, शेवटाला रबर लावलं. म्हातारी खुर्चीचे हात आवळून बसली होती. मग डोंगरी तिच्या कानाशी वाकली.

"कोण गेलं, बाई?"

म्हातारी ताठ झाली. आरशातून तिनं वर पाहिलं, पहिल्यांदाच तोंडाकडे पाहिलं.

"कुणी... कुणी नाही गं."

"मग केस काढत नसतात."

म्हातारी हमसून हमसून रडायला लागली. "काढ गं, पाया पडते तुझ्या!" पुढच्या खुर्चीवरून मालकीण धावत आली. सून उठून आली, तिनं वेणी हातात घेऊन पाहिली आणि तिचेही डोळे भरले.

"अगं बाई, किती मायेनं घातलीत हो! सख्ख्या लेकीनंसुद्धा घातली नसती." ती पर्स उघडायला लागली.

"पैसे राहू द्या," डोंगरी म्हणाली. "दर महिन्याला आणत जा यांना. मी आहे तोवर यांच्या डोक्याला कुणी मशीन लावणार नाही."