न जळलेला सेल

"तिथं एक शब्द बोलायचा नाही, मावशी. कशाला हात लावायचा नाही. तहान लागली तर मला नुसती खूण करायची."

वकीलबाईंनी हे फाटकाशी सांगितलं होतं, जिन्यात सांगितलं होतं आणि प्रयोगशाळेचा पांढरा कोट चढवतानाही. मावशी तोंडाला कुलूप घालून स्टुलावर बसल्या होत्या. कोटाच्या बाह्या बोटांच्याही पुढं आल्या होत्या, तेव्हा हात लावायचा प्रश्नच नव्हता.

समोर स्टीलच्या ट्रेमध्ये त्यांच्या घरच्या स्कूटरची बॅटरी होती. म्हणजे तिचं जे उरलं होतं ते. सून ती चार्जिंगला लावून औषध आणायला गेली आणि परत येईपर्यंत पुढची खोली जळून गेली होती. कंपनीचं म्हणणं, चार्जिंग नको तितका वेळ चालू ठेवलं, चूक वापरणाऱ्याची. मावशी हेच कंपनीच्या आधी म्हणाल्या होत्या, चार शेजाऱ्यांदेखत. सून भावाकडे निघून गेली, त्याला पाच महिने होत आले. दावा मुलानं लावला होता. मावशींना भरपाईचं फारसं नव्हतं. चूक कुणाची, तेवढं कळायला हवं होतं. तुझी नाही असं निघालं तर मी स्वतः येऊन तुझ्या तोंडावर सांगेन, असं त्यांनी सुनेला फोनवर कबूल केलं होतं. सून "बरं" म्हणाली होती.

बॅटरीत बोटाएवढे चाळीस सेल. कोर्टानं नेमलेले तपासनीस दोन्ही बाजूंशी सारखंच कमी बोलत होते. सगळ्यात आधी फुटलेला सेल त्यांनी एक्स-रेच्या मशीनमध्ये ठेवला. तो न उघडता आतलं चित्र पडद्यावर येऊ लागलं. दोन पातळ पत्रे, मध्ये त्याहून पातळ पापुद्रा, आणि सगळं मिळून एक घट्ट गुंडाळी. मावशींचं स्टूल नकळत पुढं सरकलं. इस्पितळात आया म्हणून त्यांनी तीस वर्षं बँडेजच्या पट्ट्या गुंडाळल्या होत्या. एवढ्याशा नळीत अशी गुंडाळी असते हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

गुंडाळी एका बाजूला सरकलेली होती. पट्टीचा काठ पायऱ्यापायऱ्यांनी बाहेर आलेला. दोष इथंच आहे, वकीलबाई म्हणाल्या. आगीत सगळंच सरकतं, कंपनीचा इंजिनिअर म्हणाला. तपासनीसांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि यावरून काहीच सांगता येणार नाही, असं म्हणून सेल बाहेर काढला.

मावशींनी खूण केली. वकीलबाईंनी पाण्याची बाटली पुढं केली.

"पाणी नको. यातला न जळलेला एखादा आहे का?"

वकीलबाईंनी डोळे मिटले. इंजिनिअर समजुतीच्या सुरात म्हणाला, तपासणी जळालेल्याची आहे, आजी.

"तेच म्हणते. वॉर्डात एक गुंडाळी तिरकी निघाली की आम्ही त्या पाळीतल्या सगळ्या बघायचो. गुंडाळणारा हात तोच ना. हा आगीनं सरकला असेल, तर न जळलेला सरळ असायला हवा."

"हे हातानं गुंडाळत नाहीत. मशीन असतं."

"मग तर बघाच. माणूस एखादवेळी सुधारतो तरी."

तपासनीसांनी पहिल्यांदाच मावशींकडे नीट पाहिलं. तपासायच्या यादीत न जळलेले सेल नाहीत, असं इंजिनिअर सांगत होता. तपासनीसांनी कोर्टाच्या अटींचा कागद काढून सावकाश वाचला. बॅटरीचा कोणताही भाग, असं त्यात होतं. कोपऱ्यातले तीन सेल आगीतून वाचले होते, वरचं निळं वेष्टनसुद्धा शाबूत. त्यांतला एक त्यांनी मशीनमध्ये ठेवला.

चित्र खालून वर येत होतं, पडदा उचलावा तसं. कुणी बसून राहिलं नाही. काठ पायऱ्यापायऱ्यांनी बाहेर आलेला होता. दुसरा सेल ठेवला, तोही तसाच. तिसरा ठेवा म्हणून इंजिनिअरच म्हणाला. चष्मा कपाळावर सरकवून तो पडद्याला नाक लागेल इतका जवळ गेला.

"त्याच बाजूला," तो स्वतःशीच पुटपुटला.

बाहेर आल्यावर वकीलबाईंच्या पायाला चाकं लागली होती. कुणाला काही सांगू नका, त्या म्हणाल्या, रिपोर्ट यायला दोन महिने लागतील. घरीसुद्धा बोलू नका, सूनबाईंना तर मुळीच नाही, त्यांचीच साक्ष व्हायची आहे.

बसथांब्यावर आल्यावर मावशी म्हणाल्या,

"रिपोर्ट कोर्टाला हवाय, ताई. कोर्टाचं कोर्टात. मी तिला बोलले, तेव्हा कुठल्या रिपोर्टसाठी थांबले होते?"

घराकडं जाणारी बस आली. मावशींनी ती जाऊ दिली. मग दोन्हीकडं नीट पाहून त्यांनी रस्ता ओलांडला आणि पलीकडच्या थांब्यावर, सुनेच्या भावाकडं जाणाऱ्या बसच्या रांगेत सगळ्यांच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या.