चिंचेचा बुडखा

"एकट्याचं काम न्हाई हे, हवालदार," बुडख्याजवळ उकिडवं बसत ज्ञानू म्हणाला. "बाभळ असती तर मीच म्हणलो असतो, तुमी काढा. पण ह्या चिंचंचं मूळ भिंतीखाली गेलंय. असल्या जागी जाणता माणूस लागतोच. एका अंगाची मुळं तोडली, की बुडखा त्याच अंगाला बसतो."

ज्ञानू उंब्रजचा. झाडं पाडायची आणि बुडखे काढायचे, हाच त्याचा धंदा. खांद्यावर पहार टाकून तो सकाळीच वस्तीवर विचारायला आला होता.

लालासाहेब हसला. "सात वर्षं पलटणीत खंदक खणलेत मी. मला शिकवतोस व्हय?"

"करू द्या की त्यांना," स्वयंपाकघराच्या खिडकीतून विजयमाला म्हणाली. "भिंतीला तडा गेलाय. त्यांच्या हातातलं काम हाय ते."

लालासाहेबाचं हसू मावळलं.

"तू तुझं आत बघ," तो बायकोला म्हणाला. मग ज्ञानूकडं वळला. "जा गड्या. माझं मी बघतो."

ज्ञानूनं पहार उचलली आणि तो गावाच्या वाटेला लागला.

लढाई संपून लालासाहेब घरी आला, त्याला वर्ष होत आलं होतं. वस्ती गावापासून मैलभर, उसाच्या रानात. बायकोला तो फार जपतो, असं लोक म्हणत. विहिरीचं पाणी तो स्वतः भरायचा. बाजार तोच करायचा. बांगड्यासुद्धा माप नेऊन तोच आणायचा. पंचमीला तिचा भाऊ नानासो माधवनगरहून तिला न्यायला आला, तेव्हा "तिला माझ्याबिगर करमत न्हाई," म्हणून त्यानं मेव्हण्याला बांधावरूनच परत लावलं. उंब्रजच्या बायका आपापल्या नवऱ्यांना लालासाहेबाचा दाखला देत.

दुपारपर्यंत तो छातीएवढ्या खड्ड्यात उतरला होता. भिंतीकडची मुळं चिवट, म्हणून त्यानं रानाकडची आधी तोडली. शेवटच्या मुळावर कुऱ्हाड बसली, आतून काहीतरी करकरलं आणि अख्खा बुडखा त्याच्या अंगावर कलला. त्यानं उडी घेतली. डावा पाय मात्र मागंच राहिला.

आधी काही दुखलंच नाही. मग मांडीपासून खाली आग उठली.

"ए! अगं ए!"

खिडकीत विजयमालाचा चेहरा आला. तिनं खड्ड्यात पाहिलं आणि तोंडावर हात घेतला.

"आवं, काय झालं हे!"

"पाय गावलाय. लय जड हाय."

ती गजांना धरून उभी राहिली. जागची हलली नाही.

तो हातांनी माती उकरू लागला. जितकी माती निघे, तितका बुडखा खाली बसे. कुऱ्हाड चार हातांवर पडली होती. त्यानं दोनदा अंग ताणलं, बोटं पोचली नाहीत. वर चौकोनी आभाळ आणि त्यात ती खिडकी, एवढंच त्याला दिसत होतं.

थोड्या वेळानं तिनं भिजवलेलं फडकं गजांतून खाली टाकलं. ते त्याच्या छातीवर पडलं. त्यानं ते तोंडात पिळलं.

"अजून पायजे?"

"टाक."

तिनं दुसरं टाकलं. मग भाकरीचा तुकडा टाकला. सगळं खिडकीतूनच.

"सकाळचं मनात धरलंस?" तो म्हणाला.

"न्हाई वं."

"मग?"

"माझं येणं माझ्या हातात हाय व्हय?"

त्यानं मान फिरवली.

ऊन भिंतीवर चढलं. रस्त्यावर बैलगाडीची चाकं वाजली. विजयमाला टाचा उंचावून बघू लागली.

"गाडी चाललीय. हाक मारा."

तो पुन्हा माती उकरू लागला.

"मी मारू का?"

"तोंड उघडायचं न्हाई!"

गाडी निघून गेली. मग दुसरी आली, तीही गेली. पाय आता दुखेनासा झाला होता, आणि त्याचंच त्याला भय वाटायला लागलं. घामानं सदरा अंगाला चिकटला. खिडकीतून हुंदका ऐकू आला.

"आवं, मराल अशानं," ती म्हणाली. "पाया पडते तुमच्या. कुणालातरी बोलवू द्या."

लालासाहेबानं डोळे मिटून घेतले.

दिवस कलला तेव्हा ती एकदम ओरडली. इतका मोठा आवाज त्यानं तिचा कधी ऐकला नव्हता.

"ज्ञानूभाऊ! आवं ज्ञानूभाऊ! धावा!"

"कुणाला इचारून हाक मारलीस?" तो खड्ड्यातून गुरगुरला.

खांद्यावर पहार टाकून रस्त्यानं चाललेला ज्ञानू धावतच आला. त्यानं एकवार खड्डा पाहिला आणि खाली उतरला. मूळ चाचपलं, बुडख्याखाली दगड सारला, पहार घातली.

"पाय हाय अजून," तो म्हणाला. "पण एकट्यानं निघायचा न्हाई. मी बुडखा उचलून धरतो, तवा कुणीतरी तुमाला वढायला पायजे. वैनी, या बरं भायेर!"

ती नवऱ्याकडं बघत होती.

"ती यायची न्हाई," लालासाहेब म्हणाला. "रुसलीय सकाळपासनं. तू गावातनं माणूस घेऊन ये."

"गावातनं माणूस येस्तवर पाय जाईल!" ज्ञानू खवळला. "नवरा मराय लागलाय आन् ही बाई खिडकीतनं बघतीया! थांबा, हाताला धरून आणतो."

तो खड्ड्याबाहेर चढला आणि घराला वळसा घालून पुढच्या दाराकडं गेला. त्याच्या पायांचा आवाज दाराशी थांबला.

मग तो सावकाश परत आला. काठावर गुडघे टेकून त्यानं रिकामा हात खड्ड्यात लांब केला.

"हवालदार, कुलपाची किल्ली द्या."