हिरव्या पाकिटावरचं नाव

तबकडीतल्या सगळ्या पेशी जिवंत होत्या आणि एकही वाढत नव्हती. युन-जूनं सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला, पुन्हा लावला. ताईच्या कर्करोगाच्या गाठीतून काढलेल्या या पेशी कालपर्यंत नुसत्या उतू जात होत्या. यंत्राच्या हातानं रात्रभर खळग्याखळग्यात वेगवेगळं रसायन सोडलं होतं. त्यातलं एखादं तरी लागू पडावं म्हणून घरादाराचा जीव टांगणीला लागला होता.

“सर, लागू पडलं! सगळीच लागू पडली!”

प्रयोगशाळेचे लिआओ सर वाकून बघत राहिले, आणि त्यांचा चेहरा उतरला. “ही कडेची ओळ बघ. हिच्यात औषध नाहीच. तरी हीसुद्धा थांबलीय.”

मग त्यांची नजर पेशींच्या उबदार पेटीवर ठेवलेल्या हिरव्या पाकिटाकडे गेली. यंत्रांनी कुरकुर करू नये म्हणून कुरकुरीत खाऊचं असं पाकीट तैपेईत कुठल्याही यंत्रावर सापडेल. वर यंत्राचं नाव, खाली ‘शहाण्यासारखं राहा’. सरांना हसू फुटलं. “अगं वेडे, यंत्राचं नाव लिहायचं असतं. तू ताईचं लिहून ठेवलंस!”

“पेशी तिच्याच ना, सर.”

तेवढ्यात इस्पितळातून आईचा फोन आला. “ताई सकाळपासून बघ कशी शहाण्यासारखी पडून आहे. कण्हत नाही, कूस बदलत नाही. हाका मारमारून घसा बसला माझा. श्वास चालू आहे म्हणतात, बाकी डॉक्टरांनाही काही कळत नाही. मला भीती वाटतेय गं.”

युन-जूनं आईचे शब्द सरांना जसेच्या तसे सांगितले. सर ‘योगायोग, योगायोग’ म्हणत होते, पण पाकिटाला हात लावायला काही पुढे झाले नाहीत. शेवटी तिनंच ते उचललं आणि ताईचं नाव बाहीनं खसाखसा पुसून टाकलं.

फोन कानाशी तसाच धरून तिनं पुन्हा डोळा लावला. एक पेशी मधोमध आकसली. एकीच्या दोन झाल्या.

“जागी झाली!” पलीकडे आई हसत-रडत होती. “घे, बोल तिच्याशी.”

शेजारचीच्याही दोन झाल्या. मग तिच्या शेजारची.

“युन-जू,” ताईचा आवाज आला, “खूप भूक लागलीय गं.”