तिसरा कोंबडा

सकाळी सव्वासातला म्हस्कूआबांनी तिसरा कोंबडा कापायला धरला. सून स्वप्नाली पाच महिन्यांची गरोदर. तिच्या बाळंतपणात घरचंच गावरान कोंबडं हवं, म्हणून त्यांनी तीनदा अंडी उबवायला ठेवली, पण एकही पिल्लू निघालं नाही. दोष कोंबड्यातच आहे असं धरून आधीचे दोन रश्श्यात गेले होते.

"आबा, सोडा त्याला. त्याचा दोष न्हाय," कोऱ्हाळ्याहून आलेला जनावरांचा डॉक्टर नागेश म्हणाला. त्यानं फोडलेल्या प्रत्येक अंड्यात पिल्लू अर्धं वाढून मेलेलं होतं. "अंड्यात जीव धरतोय, पण आतच मरतोय. कोंबड्यांना खायला काय घालता?"

"पेरून उरलेली ज्वारी. बियाण्याचं लाल औषध तीन पाण्यानं धुतलंय की! दाणं वाया कशाला घालवायचं?"

"सगळी कोंबड्यांनाच घातली?"

"छ्या! त्यास्नी रोज पसाभर. बाकीची दळून आणली."

"ते औषध विषारी असतंय, आबा. धुऊन जात न्हाय," नागेश म्हणाला. आबांच्या हातून कोंबडा सुटला. त्यांनी चुलीकडं पाहिलं.

 

स्वप्नालीनं त्या पिठातली शेवटची भाकरी तव्यावर टाकली होती.