नळाच्या दिवशी

पान्याचा पहिलाच हिसका बसला आणि नट सरकन फिरला. ढिला! परवाच सहदेवने अंगातली सगळी ताकद लावून तो आवळला होता. मशीनच्या पायाखालची रबराची चकतीही जागेवर नव्हती. ती कोपऱ्यात, भुशात पडली होती.

"आता काय तुले डोक्यावर घेऊन बसू का बे?" तो मशीनवरच खेकसला.

एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यावर त्याने हौसेने हे लाकूड कातायचं मशीन घेतलं होतं. मागच्या खोलीत बसून लाटणी, भोवरे, पाळण्याचे खांब कातायचे, एवढंच त्याचं सुख. पण मशीन सुरू झालं की मधली भिंत थरथरायची आणि पलीकडे भगवानराव गुरुजींच्या फळीवरची भांडी खाली यायची. गुरुजींनी शेवटचं बजावलं होतं, "सहदेवभाऊ, आठ दिवसांनी पाणी येते, त्या नळाच्या दिवशी सारी गल्ली घरी राह्यते. येत्या नळाले जर आवाज आला, तर हे मशीन इथून हलवा." सहदेवने सगळ्यांसमोर शब्द दिला होता.

शब्द द्यायला काय जातं! आतापर्यंत त्याने टायरचे तुकडे घातले होते, मलकापूरहून जाड रबर आणलं होतं, वाळूची पोती रचली होती, पाया सिमेंटात गाडला होता. एरवी मशीन मांजरासारखं गुरगुरायचं. नळाच्या दिवशी मात्र अंगात आल्यासारखं नाचायचं. त्याने उंदरांना शिव्या दिल्या, रबरवाल्याला दिल्या, शेवटी स्वतःच्या नशिबाला दिल्या.

"काऊन एवढा जीव जाळता?" त्याची बायको चांगुणा म्हणाली. "वाजते तर वाजू द्या. तुमी तुमचं मशीन पाहा, पाण्याचं मी पाह्यते."

पाण्याचं ती चोख पाहायची. हापशीवरून हंडे वाहून वाहून तिचे गुडघे कामातून गेले होते. पण आता गुरुजींच्या नळाला करंगळीएवढी धार आणि सहदेवची टाकी भरून वाहायची. आपलं घर उताराला आहे, असं तो अभिमानाने सांगायचा. नळाला मोटर लावून दुसऱ्याचं पाणी ओढणाऱ्यांची त्याला मनस्वी चीड होती. 'मोटरवाल्यांचे नळ तोडा' म्हणून पालिकेत गल्लीच्या वतीने तोच घसा फाडून ओरडला होता.

आज नळाचा दिवस. सहदेवने पुन्हा रबर बसवलं, प्रत्येक बोल्टवर दुसरा नट चढवला आणि खोलीला कुलूप लावून किल्ली खिशात टाकली. बघू आता कोणता उंदीर येतो!

नळ आला तसं त्याने कुलूप काढलं. पाण्याचा काठोकाठ भरलेला पेला मशीनच्या फळीवर ठेवला आणि बटण दाबलं. मशीन फिरू लागलं. पेल्यातलं पाणी जरासुद्धा हललं नाही. सहदेवचा ऊर भरून आला. दारात जाऊन त्याने मोठ्याने हाक दिली, "या हो गुरुजी, या!"

गुरुजी आले. मागोमाग त्यांची बायको वच्छलाबाई आणि गल्लीतली चार माणसं आली. गुरुजींनी मशीनवर हात ठेवला, मान डोलावली आणि एकदम कान टवकारले.

"मशीन तर थंड झालं बाप्पा. पण मंग हे घुंऽ घुंऽ काय वाजून राह्यलं?"

सहदेवनेही ऐकलं. आवाज न्हाणीतून येत होता. त्याने वळून पाहिलं. न्हाणीच्या दारात चांगुणा पदर तोंडात धरून उभी होती, आणि तिच्या मागे पोत्याखाली, नळाला लावलेली मोटर पाणी ओढत होती. मोटरचं बटण न्हाणीबाहेर, माणसांच्या घोळक्यापलीकडे होतं. ढिले नट, निघालेलं रबर, भरून वाहणारी टाकी. उंदीर घरातलाच होता.

"बंद करा बरं मशीन," गुरुजी म्हणाले. "कुठून येते ते तर समजू द्या."

सहदेवने मशीनचं बटण एका हाताने झाकून धरलं. दुसऱ्या हाताने फळीवरचा पेला उचलला आणि त्यातल्या न हलणाऱ्या पाण्यावर गुरुजींची नजर जायच्या आत घटाघटा पिऊन टाकला.

"मशीनच वाजते, गुरुजी," तो म्हणाला. "नाही जमलं मले. उद्या भंगारात देऊन टाकतो."