थांबायचं कसं

"पुन्हा," बाई म्हणाल्या आणि बर्फावरून उठल्या.

सकाळपासूनची ही अकरावी आपटी. गुडघे, कोपरं, कंबर, जिथे म्हणून पॅड बांधता येतं तिथे बांधून झालं होतं; पण बावन्नाव्या वर्षी कितीही पॅड बांधा, हाडं बोलतातच. कोचने हात पुढे केला. बाईंनी तो घेतला नाही.

"सर, माझ्या मुलाला हे थांबणं किती दिवसांत जमलं होतं?"

"आठवडाभरात," कोच म्हणाला आणि उगाचच आपल्या हॉकी स्टिकची पट्टी नीट करत बसला.

बाई शहरातली बस चालवायच्या. त्यांचा एकुलता एक मुलगा, चोवीस वर्षांचा, याच क्लबच्या हौशी आइस हॉकी संघात होता. चार महिने चाकांच्या स्केटवर खेळला, मग बर्फावर आला आणि पहिल्याच सामन्यात भरधाव जाऊन मैदानाच्या कडेच्या कठड्यावर आदळला. मान मोडली, आणि तो गेला. त्याला वर्ष होऊन गेलं होतं.

उन्हाळ्यात बाई नवशिक्यांच्या वर्गात येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मुलाच्या जागी मला घ्या. शिकेन मी." सगळ्यांचे डोळे भरून आले. कोचला नाही म्हणायला तोंड नव्हतं. पोरांनी त्यांना 'बसकाकू' करून टाकलं. बसकाकू प्रत्येक शर्यतीत शेवटच्या यायच्या, पकला, म्हणजे त्या रबरी चकतीला, मारायला जाऊन हवेला मारायच्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळ्यांच्या आधी हजर असायच्या.

चाकांवर थांबायचं म्हणजे गोल वळसा घ्यायचा, नाहीतर एक पाय मागे फरफटवायचा. ते बाईंना तीन महिन्यांत आलं. बर्फावरची तऱ्हा वेगळी. तिथे स्केटखालची दोन्ही पाती एका झटक्यात आडवी करून बर्फ खरवडावा लागतो. चाकांवर तयार झालेला माणूस इथेच फसतो. ऐन वेळी अंग सवयीने वळसा घ्यायला जातं, वळायला जागा नसते, आणि समोर कठडा असतो.

"आमच्या डेपोत आधी ब्रेक शिकवतात, मग गिअर," स्केटची नाडी आवळताना बाई एकदा सहज म्हणाल्या. कोच शिट्टी फुंकत तिथून निघून गेला.

कारण त्याने ब्रेक शिकवलाच नव्हता. त्या सामन्याच्या दिवशी संघात एक खेळाडू कमी होता. मुलगा पात्यांवर जेमतेम दोनदा उभा राहिलेला, पण चाकांवर वारा प्यायलेला. "जा रे, काही होत नाही," म्हणून कोचनेच त्याला उतरवला. नंतर क्लबने चौकशी केली, तेव्हा मुलाच्या सरावाच्या नोंदकार्डावर 'थांबणे'समोर त्याने मागाहून बरोबरची खूण केली. आणि इस्पितळाच्या व्हरांड्यात याच बाईंना सांगितलं, "ताई, थांबणं तर त्याला सगळ्यांत छान जमायचं. कसं झालं, कळतच नाही."

वेळ मारून नेली. पण तेव्हापासून त्याला सुखाची झोप नव्हती.

आता बाई रोज खोदून विचारायच्या. तो इथूनच निघाला होता ना? वेग एवढाच होता? एवढ्या जागेत थांबता येतं? कोच तोंडाला येईल ते उत्तर द्यायचा. त्याला कळून चुकलं होतं, बाईंना संशय आला आहे. ज्याला थांबता येतं तो असा आदळत नाही. ज्या दिवशी बाईंना स्वतःला थांबता येईल, त्या दिवशी आपलं पितळ उघडं पडेल. मग क्लब गेला, अब्रू गेली, कदाचित पोलीसही. तरी तो शिकवत राहिला. निदान या आईला तरी नीट शिकवावं, एवढंच त्याच्या हातात उरलं होतं.

बाराव्यांदा बाई पार पलीकडच्या टोकाला गेल्या. तिथून निघाल्या त्या थेट त्याच कठड्याच्या रोखाने. वेग वाढत गेला. कोचच्या तोंडून "ताई!" निघालं, तोच बाईंनी दोन्ही पाय आडवे केले. बर्फाचा चुरा उडाला. कठडा वीतभर राहिला आणि बाई उभ्या होत्या.

त्यांचा चेहरा मात्र पांढराफटक पडला होता.

"मला जमलं," त्या हळूच म्हणाल्या. "या वयात मला जमलं. त्याला तर छानच येत होतं. हो ना, सर?"

नुसतं हो म्हणायचं होतं. वर्षभर म्हणतच आला होता. पण तो चेहरा पाहून कोचची जीभ उचलेना.

"नाही," तो म्हणाला. "त्याला येत नव्हतं. मी शिकवलंच नव्हतं, ताई. माणूस कमी होता म्हणून उतरवला. कार्डावरची खूण खोटी आहे. तुमच्याशीही खोटं बोललो. दोष सगळा माझा."

बाईंनी हेल्मेट काढलं. कोच मान खाली घालून उभा राहिला. थप्पड, शिव्या, शाप, काहीही चाललं असतं.

"येतच नव्हतं त्याला?"

"नाही."

"अगदी खरं सांगा. थांबायचं ठरवलं असतं, तरी थांबता आलं नसतं?"

"नसतं आलं, ताई."

बाई मटकन बर्फावर बसल्या आणि कोचचा हात दोन्ही हातांनी घट्ट धरून हमसून हमसून रडू लागल्या.

"त्या सकाळी आमचं कडाक्याचं भांडण झालं होतं, सर. एकदाचा मर, म्हणजे मी सुटेन, असं म्हणाले होते मी त्याला. वर्षभर मला वाटत होतं, पोरानं माझं ऐकलं."